नोकरी धरली की मेडिकेड जातं का?

काकूंनी टेबलावर बुटांचं खोकं ठेवलं आणि झाकण काढलं. आत सोशल सिक्युरिटीकडून, म्हणजे पेन्शन आणि अपंगत्वाचे पैसे देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी खात्याकडून, आलेली पाकिटं होती, निम्मी तर फोडलेलीच नव्हती. मुलगा २३ वर्षांचा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, व्हीलचेअरवर असतो, डोकं मात्र आम्हा सगळ्यांपेक्षा तल्लख. त्याला गावातल्या लायब्ररीत आठवड्याला २० तासांचं काम चालून आलं होतं, तो हरखून गेला होता आणि काकूंचं आपलं एकच पालुपद, "नको बाबा ती नोकरी, मेडिकेड गेलं तर सकाळी त्याला अंथरुणातून उठवायला कोण येणार?" (मेडिकेड म्हणजे कमी उत्पन्नाच्या आणि अपंग लोकांसाठीचा सरकारी आरोग्यविमा.)

अमेरिकेतल्या आपल्या लोकांच्या घरात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता एकदा नीट लिहूनच काढतो. त्यात गेल्या वर्षी, ४ जुलै २०२५ ला, मेडिकेडचे नियम बदलणारा मोठा कायदा झाला, तेव्हापासून व्हॉट्सअॅपवर "काम केलं तर मेडिकेड जाणार" आणि "काम नाही केलं तर मेडिकेड जाणार" असे दोन्ही मेसेज एकाच दिवशी फिरतात, आणि गंमत म्हणजे दोन्ही अर्धे अर्धे खरे आहेत, फक्त वेगवेगळ्या माणसांसाठी.

आधी चार नावं, एकदाच

एसएसआय आणि एसएसडीआय, मेडिकेड आणि मेडिकेअर. सगळा घोळ या चार नावांचा, भल्याभल्यांची इथेच गल्लत होते.

एसएसआय म्हणजे गरजेवर मिळणारे पैसे. अपंगत्व आहे, उत्पन्न कमी आहे, साठवलेलं फारसं नाही, तर दर महिन्याला चेक. २०२६ मध्ये एकट्या माणसाला केंद्राचा पूर्ण दर ९९४ डॉलर आहे, काही राज्यं वर थोडे स्वतःचे घालतात. याच्यासोबत येतं ते मेडिकेड, बहुतेक राज्यांत आपोआप, थोड्या राज्यांत वेगळा अर्ज करून.

एसएसडीआय म्हणजे तुम्ही, किंवा काही वेळा तुमच्या आईवडिलांनी, नोकरी करताना पगारातून सोशल सिक्युरिटीचा कर भरला, त्याच्या जोरावर मिळणारे पैसे. याच्यासोबत मेडिकेअर, म्हणजे वृद्धांचा आणि अपंगांचा केंद्राचा आरोग्यविमा, पण लगेच नाही, पैसे मिळायला लागल्यावर साधारण २४ महिने थांबून.

म्हणजे दोन चेक आणि दोन कार्डं. काही जणांकडे चारही असतात आणि त्यांच्या डोक्याला चौपट ताप. पण लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की चेक आणि कार्ड एकाच दारातून घरात आले म्हणून दोघं एकदमच बाहेर जातील असं नाही. लोक घाबरतात ते इथेच, चेक बंद झाला की कार्डही गेलं असं धरून चालतात. तसं नसतं, आणि ते तसं होऊ नये म्हणून कायद्यात मुद्दाम कलमं घातलेली आहेत.

आपल्याकडे आणखी एक होतं. मूल १८ चं होईपर्यंत एसएसआयसाठी आईवडिलांची कमाई धरतात, त्यामुळे इंजिनियर आईबापाच्या मुलाला एकदा नकार आलेला असतो आणि "आपल्याला ते मिळत नाही" हे घरात कायमचं ठरून जातं. १८ पूर्ण झाल्यावर फक्त मुलाचंच उत्पन्न आणि मुलाचीच पुंजी बघतात. परत अर्ज करायचा.

एवढं मेडिकेड मेडिकेड का करायचं

कारण अंघोळ. खरंच सांगतो. डॉक्टर, ऑपरेशन, औषधं हे कुठलाही बरा इन्शुरन्स देतो. पण सकाळी साडेसहाला येऊन उठवणारा, अंघोळ घालणारा, कपडे चढवून व्हीलचेअरवर बसवणारा माणूस, म्हणजे पर्सनल केअर अटेंडंट, त्याचे पैसे वर्षानुवर्षं द्यायला कंपनीचा इन्शुरन्स सहसा तयार नसतो आणि मेडिकेअरसुद्धा नाही. ते मेडिकेडच देतं. त्यामुळे काकूंची भीती खोटी नव्हती, लायब्ररीचा सगळा पगार अटेंडंटवर घातला तरी पुरला नसता. कार्ड गेलं तर नोकरी करायला घराबाहेर पडणंच अशक्य, म्हणजे नोकरीमुळे कार्ड गेलं आणि कार्ड गेल्यामुळे नोकरी गेली, असं चक्र.

चेक कमी होतो, पण किती?

लोकांच्या डोक्यात कडा असतो, एक पाऊल पुढे टाकलं की खाली. एसएसआयमध्ये कडा नाही, उतार आहे. पगारातले पहिले ८५ डॉलर सोडून देतात (२० सरसकट आणि ६५ कमाईचे), उरलेल्याचे निम्मे करतात आणि तेवढे चेकमधून कापतात. बस, एवढंच गणित.

काकूंच्या मुलाचं बघू. पगार महिन्याला १,४८५ धरा, टॅक्स कापायच्या आधीचा. त्यातून ८५ गेले, उरले १,४००. त्याचे निम्मे ७००. चेक ९९४ होता तो २९४ वर आला. पण हातात किती? १,४८५ आणि २९४ मिळून १,७७९. आधी ९९४ होते. पगारातून टॅक्स जाईल थोडा, तरी मी कागदावर मांडलं तेव्हा काकू दोन मिनिटं गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मग सगळे म्हणतात ते काय म्हणतात?"

शिवाय अपंगत्वामुळे कामासाठी म्हणून खिशातून जो खर्च होतो, खास गाडीचं भाडं किंवा स्वतःच्या पैशाने घेतलेलं उपकरण, तो पगारातून आधी वजा करून मागता येतो. आणि २२ वर्षांच्या आतलं मूल शिकत असेल तर त्याच्या कमाईतला बराच भाग धरतच नाहीत. या सवलती असतात, पण मागाव्या लागतात, कोणी आणून देत नाही.

चेक शून्यावर आला तर? इथे १६१९-बी

वरच्याच गणिताने, दुसरं काही उत्पन्न नसेल तर पगार महिन्याला २,०७३ डॉलर झाला की केंद्राचा चेक शून्य होतो. आता कार्डाचं काय?

सोशल सिक्युरिटी कायद्यात १६१९-बी नावाचं कलम आहे. १९८० मध्ये प्रयोग म्हणून आलं, १९८६ च्या कायद्याने कायमचं झालं. ते म्हणतं की अपंगत्व अजून आहे, पुंजीच्या मर्यादेत आहात, काम चालू ठेवायला मेडिकेड लागतं, आणि पगार राज्यागणिक ठरलेल्या रेषेच्या आत आहे, तर चेक शून्य झाला तरी मेडिकेड चालू राहणार. अट अशी की आधी निदान एक महिना तरी एसएसआयचे पैसे मिळालेले हवेत.

ती रेषा राज्याराज्यात वेगळी आणि दरवर्षी बदलते, म्हणून आकडा मी देत नाही, पण ती कशी काढतात ते कळलं की धीर येतो. ज्या पगाराला चेक शून्य होतो तो, आणि वर त्या राज्यात मेडिकेडवर माणशी जेवढा सरासरी खर्च होतो तो, अशी बेरीज. म्हणजे रेषा वर्षाला २४,८७६ डॉलरच्या बरीच वर असणारच. तुमचा वैद्यकीय खर्च सरासरीपेक्षा खूप जास्त असेल, जसा रोज अटेंडंट लागणाऱ्याचा असतो, तर तुमच्यापुरती वेगळी, आणखी वरची रेषा काढून मागता येते.

काउंटरवरच्या माणसाला हे कलम माहीत असेलच असं नाही. मला एकदा एका ऑफिसात "असं काही नसतं" असं तोंडावर सांगितलेलं आहे. सुपरवायझरला बोलवा म्हटलं, तिने येऊन कॉम्प्युटरवर दोन बटणं दाबली आणि ते होतं. म्हणून नुसतं "मेडिकेड ठेवा" असं नका म्हणू, आकड्यासकट नाव घ्या.

मेडिकेअरवाल्यांचं वेगळं

एसएसडीआयमध्ये मात्र उतार नाही, तिथे खरंच कडा आहे, फक्त तो बराच लांब आहे. पहिले ९ महिने ट्रायल, कितीही कमवा, चेक पूर्ण. हे ९ महिने सलग नसले तरी चालतात, ५ वर्षांच्या खिडकीत मोजतात, आणि २०२६ मध्ये ज्या महिन्यात १,२१० डॉलरच्या वर कमवाल तो महिना ट्रायलमध्ये धरला जातो. त्यानंतर ३६ महिने असे की ज्या महिन्यात कमाई १,६९० च्या वर (अंध व्यक्तीसाठी २,८३०) त्या महिन्याचा चेक नाही, ज्या महिन्यात खाली त्या महिन्याचा आहे, सुरुवातीला तीन महिन्यांची सवलत मिळते ती वेगळी.

आणि मेडिकेअर कार्ड? ट्रायल संपल्यावर निदान ९३ महिने चालू. ९ आणि ९३ मिळून १०२ महिने, म्हणजे साडेआठ वर्षं, चेक बंद असला तरी. त्यानंतरही अपंगत्व असेल तर पैसे भरून मेडिकेअर चालू ठेवता येतं. इतकं असून लोक कार्ड घालवतात आणि ते कशाने माहितीये, टपालाने. डॉक्टरांचा खर्च भागवणाऱ्या पार्ट बीचा हप्ता, २०२६ मध्ये महिन्याला २०२.९० डॉलर, आधी चेकमधूनच कापला जात असतो त्यामुळे तो आपण भरतो हेच कोणाच्या लक्षात नसतं. चेक बंद झाला की त्याचं बिल तीन महिन्यांचं मिळून घरी येतं. ते पाकीट जाहिरातींच्या गठ्ठ्यात जातं, हप्ता थकतो, पार्ट बी बंद होतं, आणि घरचे म्हणतात बघा, नोकरी केली म्हणून मेडिकेअर गेलं.

आम्हाला एसएसआय कधीच नव्हतं, मग?

मग मेडिकेड बाय-इन. नावातच आहे, थोडा हप्ता भरून मेडिकेड घ्यायचं. काही ठिकाणी तो हप्ता शून्यही असतो. अपंगत्व आहे पण कमावताय, एसएसआयच्या मर्यादेत बसत नाही, अशांसाठी १९९७ आणि १९९९ च्या दोन कायद्यांनी राज्यांना हे करायची मुभा दिली. बहुतेक राज्यांनी केलंय, सगळ्यांनी नाही. प्रत्येक राज्यात नाव वेगळं, न्यू जर्सीत वर्कअॅबिलिटी, मॅसॅच्युसेट्समध्ये कॉमनहेल्थ, टेक्सासमध्ये साधं मेडिकेड बाय-इन. उत्पन्नाची आणि पुंजीची मर्यादाही राज्यागणिक वेगळी, कॉमनहेल्थला तर उत्पन्नाची वरची मर्यादाच नाही. आणि महत्त्वाचं, यात "एवढं कमावताय म्हणजे तुम्ही अपंग नाही" हा मुद्दा काढता येत नाही, कारण योजनाच कमावणाऱ्यांची आहे.

पण काम करायला लागला म्हणजे बरा झाला म्हणतील ना?

हा प्रश्न हमखास येतो. पहिल्यांदा अर्ज करताना कमाईचा आकडा आडवा येतो हे खरं, १,६९० च्या वर कमावत असाल तर तिथेच नकार. पण एसएसआय एकदा सुरू झालं की नुसत्या पगारावरून ते अपंगत्व काढून घेत नाहीत. एसएसडीआयचे पैसे २४ महिने मिळाले असतील तर काम करता म्हणून मेडिकल तपासणी लावता येत नाही. ठरलेल्या वेळची तपासणी मात्र येऊ शकते. टिकेट टू वर्क या, अपंगांना नोकरीसाठी मदत करणाऱ्या सोशल सिक्युरिटीच्या योजनेत नाव घालून ठरल्याप्रमाणे पुढे जात असाल तर तेवढ्या काळात तीही थांबते.

एका बाबतीत मात्र मी स्वतः लोकांना जपून राहा म्हणतो. वडील रिटायर झाले, किंवा वारले, की २२ वर्षांच्या आत अपंगत्व आलेल्या मुलाला त्यांच्या नावावर सोशल सिक्युरिटी मिळू शकते, बऱ्याचदा एसएसआयपेक्षा जास्त, आणि दोन वर्षांनी मेडिकेअरही. पण त्याआधी मुलाने २२ नंतर १,६९० च्या वरचं काम केलेलं असेल तर हा हक्क अडचणीत येतो. काकूंच्या मुलाचे १,४८५ त्याच्या खाली आहेत म्हणून मी निर्धास्त होतो, पण उद्या लायब्ररीने तास वाढवून दिले तर होकार द्यायच्या आधी बसून हिशोब करायला हवा. आणि हे वडिलांच्या नावावरचे पैसे सुरू झाल्यामुळे एसएसआय बंद झालं तर मेडिकेड त्यासाठीच्या वेगळ्या कलमाने टिकतं, फक्त राज्याचं ऑफिस कधी कधी चुकून बंद करून टाकतं, तेव्हा अपील करायचं. लग्न केलं तर हे पैसे सहसा थांबतात. या नियमाबद्दल माझं मत इथे छापण्यासारखं नाही.

नोकरीतच इन्शुरन्स मिळतो की

मिळत असेल तर घ्या. दोन्ही चालतं. आधी कंपनीचा इन्शुरन्स देतो, उरलेलं आणि तो देत नाही ते मेडिकेड देतं, मेडिकेडचा नंबर कायम शेवटचा. काही राज्यांत तर सरकारला परवडत असेल तर कंपनीच्या इन्शुरन्सचा हप्ताच मेडिकेड भरतं.

आणि नोकरी गेली तर?

१६१९-बी मध्ये असाल तर पगार थांबल्यावर एसएसआयचा चेक परत सुरू होतो, नवा अर्ज नाही. एसएसडीआय कामामुळे बंद झालेलं असेल आणि त्याच अपंगत्वामुळे काम सुटलं तर ५ वर्षांच्या आत जलद पुनर्स्थापना, म्हणजे नव्या अर्जाशिवाय पैसे परत सुरू करणं, मागता येते. त्यांचा निर्णय होईपर्यंत ६ महिन्यांपर्यंत तात्पुरते पैसे आणि कार्डही मिळतं.

नव्या कायद्याचं काय मग

महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा सेवा दाखवा नाहीतर मेडिकेड बंद, ही अट १ जानेवारी २०२७ पर्यंत लागू व्हायची आहे. ती आहे कोणासाठी, तर ओबामांच्या काळातल्या विस्तारामुळे ज्यांना नुसत्या कमी उत्पन्नावर मेडिकेड मिळालं त्या १९ ते ६४ वयाच्या लोकांसाठी. एसएसआयमुळे किंवा अपंगत्वाच्या गटातून ज्यांना मेडिकेड आहे ते यात नाहीत.

धोका मधल्या लोकांना आहे. अपंगत्व आहे पण सोशल सिक्युरिटीकडे कधी गेलेच नाहीत, कमी पगार म्हणून विस्तारातून कार्ड मिळालं, असे बरेच आहेत. गंभीर आजार किंवा अपंगत्व असणाऱ्यांना सूट आहे, पण ती सूट तुम्हाला आहे हे ऑफिसला कळलं पाहिजे. आर्कान्सामध्ये २०१८ मध्ये अशीच अट लावली होती, थोड्याच महिन्यांत १८,००० हून जास्त लोकांची कार्डं गेली, त्यातले कित्येक काम करत होते किंवा सूट मिळण्यासारखे होते, फक्त नोंद केली नव्हती. मार्च २०१९ मध्ये कोर्टाने ती थांबवली. तुम्ही या मधल्या लोकांत असाल तर आपलं मेडिकेड कुठल्या गटातून आहे हे आत्ताच विचारून ठेवा, आणि जमत असेल तर अपंगत्वाच्या गटात जा.

खरी मेख २,००० डॉलरची

पगाराला इतके घाबरतो आपण, पण एसएसआय आणि १६१९-बी दोन्ही घालवणारी गोष्ट बँकेत बसलेली असते. पुंजी एकट्याची २,००० डॉलर, जोडप्याची ३,०००. १९८९ पासून हा आकडा हललेला नाही. राहतं घर आणि एक गाडी धरत नाहीत, बाकी बहुतेक सगळं धरतात आणि महिन्याच्या १ तारखेला मोजतात. आता मुलगा पगार मिळवणार, आईवडील त्याला खर्च करू देणार नाहीत (आपले संस्कार!), चार महिन्यांत खातं फुगतं आणि चेक, कार्ड दोन्ही धोक्यात.

यावर उपाय एबल खातं, म्हणजे अपंगांसाठीचं खास बचत खातं. २०१४ च्या कायद्याने आलं, त्यात १,००,००० डॉलरपर्यंत साठलेले एसएसआय मोजत नाही. वर्षाला किती भरायचे याला मर्यादा आहे, नोकरी करणाऱ्याला थोडी वाढीव. आधी २६ वर्षांच्या आत अपंगत्व आलेल्यांनाच मिळायचं, १ जानेवारी २०२६ पासून ती अट ४६ झाली, म्हणजे चाळिशीत स्ट्रोक आलेल्या माणसालाही आता उघडता येतं.

दुसरं म्हणजे पगार कळवणं. एसएसआय असेल तर पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत, दर महिन्याला, फोनवर किंवा अॅपवर, आणि पे स्टबचा, म्हणजे पगाराच्या पावतीचा, फोटो काढून ठेवायचा. नाही कळवलं तर दोन वर्षांनी "तुम्हाला जास्त पैसे दिले गेले, परत करा" असं पत्र येतं, आणि ते पत्र वाचून माणसं नोकरी सोडतात. हे सगळं तुमच्या केससाठी मांडून देणारे बेनिफिट्स काउन्सेलर असतात, सोशल सिक्युरिटीच्या पैशाने चालणाऱ्या विपा नावाच्या कार्यक्रमातले, फुकट. नोकरीचा पहिला दिवस उजाडायच्या आधी त्यांना फोन करा.

काकूंच्या खोक्यातली पाकिटं फोडून संपली तेव्हा मी सहज विचारलं, याच्या नावावर इंडियात काही नाही ना? काकू म्हणाल्या, छे, काही नाही. मग थांबल्या. "ती आजींनी बारशाला केलेली एफडी आहे फक्त."

ती धरतात. देश कुठला का असेना, त्याच्या नावावर आहे आणि त्याला मोडता येते म्हणजे त्याची पुंजी. व्याजावर व्याज चढून अडीच लाखांच्या घरात गेली होती, एकटी तीच २,००० डॉलरच्या वर. काकू लगेच म्हणाल्या नाव काढून टाकते, भावाच्या नावावर करते. तेही करायचं नाही, पुंजी अशी फुकट दुसऱ्याला दिली तर ३६ महिन्यांपर्यंत एसएसआय बंद ठेवू शकतात. मोडायची, ऑफिसला कळवायचं, आणि पैसे त्याच्याच एबल खात्यात घालायचे, मागच्या महिन्यांचं काही परत मागितलं तर हप्ते बांधून घ्यायचे. काकूंनी घड्याळ बघितलं, तिकडे पहाटेचे साडेतीन वाजले होते. "दादाला सकाळी करते फोन," म्हणाल्या, आणि मुलाला आतून हाक मारून विचारलं, लायब्ररीवाल्यांना नक्की कधीपासून येतो म्हणून सांगितलंयस?